जाफराबादचे बोंबील, धनुष्कोडीचा वारा

राजुल्याहून जाफराबादकडे जाणारा रस्ता समुद्र दिसण्याआधी वासानेच ओळखू येतो. हिवाळ्यात इथे बांबूच्या मांडवांवर बोंबलांच्या रांगाच्या रांगा वाळत असतात. वेसावे, अर्नाळा किंवा डहाणूचा किनारा पाहिलेल्या मराठी माणसाला आपण सौराष्ट्रात आहोत हे मुद्दाम आठवावं लागतं. नातंही नुसतं वासाचं नाही. मुरूडचा जंजिरा आणि हे जाफराबाद, मधे खंबायतच्या आखाताचं तोंड आणि कोकणचा अर्धा किनारा असूनही, 1948 पर्यंत एकाच सिद्दी नवाबाच्या अमलाखाली होते. तेव्हा या दोन गावांना जोडणारी वाट समुद्राची होती, आणि ती वाऱ्यावर चालायची. गावाच्या पूर्वेला जवळच पिपावाव बंदराच्या क्रेन दिसतात. बंदरासमोर शियाळ बेट आहे. समुद्रतळातून केबल टाकून तिथे वीज पोहोचवली गेली. बेटाच्या पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे 23 किलोमीटर आत, 2017 च्या नोव्हेंबरात समुद्रात एक मंच उभारून त्यावर लायडार नावाचं यंत्र बसवलं गेलं. लेझरचा झोत वर सोडून ते वाऱ्याचा वेग मोजतं. किनाऱ्यावरून तो मंच दिसत नाही. भारताच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या करण्याच्या बेतातली सर्वांत ठोस गोष्ट मात्र कित्येक वर्षं तीच होती, आणि तीच पाहण्यासाठी नव्हे तर तिच्या भोवतीचा समुद्र समजून घेण्यासाठी मी या किनाऱ्यावर आलो. इथून पुढे तमिळनाडूच्या टोकापर्यंत जायचं, आणि एकाच प्रश्नाचा माग काढायचा: ज्या प्रदेशात हा उद्योग कधी नव्हता तिथे तो आणायचा तर कामाचा क्रम काय असावा?

कारण आपला क्रम चुकला आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. समुद्री पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण ऑक्टोबर 2015 मध्ये जाहीर झालं. केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय आणि चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था यांच्याकडे त्याची सूत्रं आली. युरोपीय संघाच्या मदतीने झालेल्या अभ्यासात गुजरातसमोर आठ आणि तमिळनाडूसमोर आठ पट्टे निवडले गेले आणि दोन्ही मिळून 70 हजार मेगावॉटच्या आसपास क्षमता असल्याचा अंदाज निघाला. एप्रिल 2018 मध्ये इथल्याच, पिपावावसमोरच्या, पहिल्या 1000 मेगावॉटसाठी कंपन्यांना स्वारस्य विचारलं गेलं आणि 35 कंपन्या पुढे आल्या. त्यानंतर दोनच महिन्यांत उद्दिष्ट जाहीर झालं: 2022 पर्यंत 5000 मेगावॉट, 2030 पर्यंत 30 हजार. 2022 साल उलटलं तेव्हा समुद्रात एकही पातं फिरत नव्हतं. मग 2030 पर्यंत 37 हजार मेगावॉटच्या निविदा काढण्याचं वेळापत्रक आलं. 2024 मध्ये तमिळनाडूसमोरच्या 4000 आणि गुजरातसमोरच्या 500 मेगावॉटच्या निविदा निघाल्या, मुदती वाढत गेल्या, आणि 2025 मध्ये दोन्ही रद्द झाल्या. 35 कंपन्यांपासून रद्द निविदांपर्यंतच्या या सात वर्षांत आकडा नेहमी पुढे धावला आणि समुद्राची माहिती, बंदर, वाहिनी, मच्छिमारांशी बोलणं हे सगळं त्याच्या मागे फरफटत आलं. हे उलट व्हायला हवं. नव्या प्रदेशात सरकारने आधी समुद्र मोजायचा, वीज किनाऱ्यावर उतरवण्याची जबाबदारी घ्यायची, बंदर सिद्ध करायचं, मासेमारीच्या जागा नकाशावर आणायच्या. आणि त्यानंतरच, तोही छोट्या प्रकल्पाने, लिलाव पुकारायचा.

खंबायतच्या आखाताकडे पाहिलं की हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी, चारही नद्या आपला गाळ या आखातात आणून टाकतात. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. म्हणून तिथल्या बंदराला पाणी अडवून धरणारा जलदरवाजा बांधावा लागला. अलंगला जुनी जहाजं मोडीत काढण्याचा धंदा उभा राहिला तोही याच भरतीच्या जोरावर: मोठ्या उधाणाला जहाज थेट पुळणीवर चढवायचं आणि ओहोटीला ते कोरड्यावर सापडायचं. पिपावाव आखाताच्या तोंडाशी असल्याने तिथे भरतीचा पल्ला बराच कमी आहे, पण प्रवाह जोराचे आहेत आणि तळ अनेक ठिकाणी मऊ चिकणमातीचा आहे. अशा तळात पंधरा मेगावॉटचं यंत्र पेलणारा आठ-दहा मीटर व्यासाचा पोलादी खांब किती खोल ठोकायचा, त्याच्या बुडाशी प्रवाह किती माती उकरून नेईल, हे भोक पाडून नमुना काढल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. त्यात वादळं. 17 मे 2021 च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ दीव आणि ऊनाच्या मधे जमिनीवर आलं आणि या पट्ट्यातले विजेचे खांब हजारोंनी कोसळले. त्याच वादळाने मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-305 हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. अशा समुद्रात यंत्रं टिकणारच नाहीत, असा आक्षेप अनेकदा ऐकू येतो. तो मी हलका मानत नाही. पण तैवान, जपान आणि दक्षिण चीनच्या समुद्रात टायफूनचा मारा झेलणारी यंत्रं उभी आहेत आणि अशा वाऱ्यांसाठी यंत्रांचा वेगळा वर्गही ठरला आहे. प्रश्न टिकण्याचा नाही, किमतीचा आहे. पन्नास वर्षांत एकदा येणारा वाऱ्याचा झोत आणि लाट किती मोठी असेल हे ठाऊक असेल तर खांब तेवढा जाड करता येतो. ठाऊक नसेल तर अभियंता भीतीपोटी पोलाद वाढवतो, बँक भीतीपोटी व्याज वाढवते, आणि दोन्ही भीतींचा भार शेवटी विजेच्या दरात येऊन बसतो. समुद्री प्रकल्पाला इंधनाचा खर्च नाही. जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच लागतो आणि तो कर्जाऊ असतो. म्हणून इथे अज्ञान हाच सर्वांत महागडा कच्चा माल आहे.

याचा पुरावा नेदरलँड्सने दिला आहे. बोर्सेले इथल्या पट्ट्यांचा लिलाव करण्याआधी तिथल्या सरकारी संस्थेने वारा, तळाची माती, पर्यावरण यांचा अभ्यास स्वतःच्या खर्चाने करून घेतला आणि तो सगळ्या बोलीदारांसमोर सारखाच ठेवला. समुद्रातलं उपकेंद्र आणि किनाऱ्यापर्यंतची केबल सरकारी पारेषण कंपनीने आपल्याकडे घेतली. जुलै 2016 मध्ये पहिल्या दोन पट्ट्यांना युनिटमागे 7.27 युरोसेंट दर आला. त्याच डिसेंबरात पुढच्या दोन पट्ट्यांना 5.45. सहा महिन्यांत तंत्रज्ञान एवढं बदलत नसतं. बोलीदारांची अनिश्चितता कमी झाली होती, आणि यादीत पुढचा पट्टा तयार आहे हे त्यांना दिसत होतं. उलट बाजूचा पुरावाही युरोपातच आहे. ब्रिटनने 2023 च्या लिलावात कमाल दर मेगावॉट-तासाला 44 पौंड धरला. पोलाद आणि व्याज महागलेलं असताना समुद्री पवनऊर्जेची एकही बोली आली नाही. पुढच्या वर्षी मर्यादा 73 पौंड केल्यावर प्रकल्प परत आले. डेन्मार्क या विद्येचं माहेरघर. तिथेही 2024 च्या डिसेंबरात उत्तर समुद्रातल्या 3000 मेगावॉटला कोणी हात लावला नाही, कारण आधार काहीच द्यायचा नाही असं ठरलं होतं. काही अर्थतज्ज्ञ म्हणतात की जोखीम ज्याची त्याने उचलावी, बाजार आपोआप योग्य दर काढेल. जुन्या, रुळलेल्या समुद्रात हे एक वेळ खरं मानता येईल. पण नव्या समुद्रात प्रत्येक बोलीदाराने तोच तळ वेगवेगळा खणायचा, तोच वारा वेगवेगळा मोजायचा, आणि हरलेल्यांनी आपला खर्च पाण्यात सोडून घरी जायचं, यात कार्यक्षमता कुठली? मोजणी ही सार्वजनिक वस्तू आहे. भूमापन खात्याने जमीन मोजून ठेवली म्हणून जमिनीचा व्यवहार सोपा झाला. समुद्राचंही तसंच आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा. सौर वीज अडीच रुपयांच्या आसपास मिळत असताना समुद्रात जायचंच कशाला? महाराष्ट्रात तर हा आक्षेप घेणाऱ्याच्या मागे दाभोळचा अनुभव उभा असतो. वीज मंडळाने स्पर्धात्मक निविदेशिवाय करार केला, वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, दर डॉलरशी आणि आयात इंधनाशी बांधलेला. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 मध्ये मंडळाला खरेदी थांबवावी लागली. हा इतिहास विसरून कोणी समुद्री पवनऊर्जेची भलामण करू नये. पण त्याच इतिहासातून काय धडा निघतो ते नीट पाहायला हवं. दाभोळने बुडवलं ते इंधनाच्या आणि चलनाच्या अनिश्चिततेने, आणि स्पर्धेच्या अभावाने. वाऱ्याला इंधन नाही; करार रुपयात आणि खुल्या लिलावाने झाला तर पहिल्या दिवशीचा दर पंचविसाव्या वर्षीही ठाऊक असतो. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पहिल्या 1000 मेगावॉटसाठी, 500 गुजरातला आणि 500 तमिळनाडूला, 6853 कोटी रुपयांचा तूटभरपाई निधी मंजूर केला. या प्रकल्पांतून वर्षाला 372 कोटी युनिट वीज निघेल असा सरकारचा अंदाज आहे. पंचवीस वर्षांवर साधा भागाकार केला तर हा आधार युनिटमागे सुमारे 74 पैसे पडतो. सगळा पैसा आधीच द्यायचा असल्याने त्याचं खरं ओझं याहून जास्त आहे, हे मान्य. तरीही पहिल्या 1000 मेगावॉटला दिलेला पैसा हा फक्त विजेचा दर नसतो; बंदर, कामगार, जहाजं, नियम हे सगळं शिकण्याची ती फी असते. आणि याच अंदाजाचा दुसरा अर्थ असा की ही यंत्रं आपल्या क्षमतेच्या 42 टक्के वीज देतील. चाळकेवाडीच्या पठारावरच्या जुन्या पवनचक्क्यांकडून याच्या निम्मीच अपेक्षा करता येते. दुपारची सौर वीज स्वस्त आहे यात वाद नाही. पण आषाढात आभाळ भरून आलेलं असताना, आणि एरवीही दिवे लागण्याच्या वेळेला, ती मिळत नाही. मोसमी वारा नेमका तेव्हा वाहत असतो. दराची तुलना करायची तर कोळशाच्या किंवा साठवणीच्या त्या संध्याकाळच्या विजेशी करायला हवी.

तमिळनाडूत मी आषाढातच उतरलो. तिरुनेलवेलीहून नागरकोइलकडे जाताना सह्याद्रीची रांग संपत येते आणि अरल्वायमोळीच्या खिंडीत एक दार उघडतं. केरळच्या बाजूने आलेला नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस पलीकडेच ठेवून या दारातून घुसतो आणि मुप्पंदलच्या मैदानावर पसरतो. तमिळ महिना आडी. आडीच्या वाऱ्यात वाटायचा पाटासुद्धा उडतो अशी तिकडे म्हण आहे, आणि इथे उभं राहिल्यावर ती अतिशयोक्ती वाटत नाही. नारळी आणि ताडाची झाडं एका अंगाला कलून वाढलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्यांचं रान. नव्वदीच्या दशकातली, जाळीदार मनोऱ्यांवरची, दोन-अडीचशे किलोवॉटची बुटकी यंत्रं आजही उत्तमोत्तम जागा अडवून बसली आहेत आणि त्यांच्या मागे नव्या, उंच यंत्रांची पाती संथपणे फिरत असतात. इथे एक आक्षेप आपोआप सुचतो आणि तो रास्त आहे: समुद्रात जाण्याआधी ही जुनी यंत्रं काढून त्याच जागी मोठी का बसवू नयेत? जरूर बसवावीत, आणि आधी बसवावीत. रस्ता, तारा, वारा सगळं हाताशी असताना हे काम रेंगाळावं याला कारण अनेक लहान मालकांची मालकी आणि जुने करार हे आहे, आणि ते सोडवणं राज्याच्या हातात आहे. पण त्याने समुद्राचा प्रश्न मिटत नाही. मुप्पंदलसारखी खिंड रोज सापडत नाही. जमिनीवरच्या चांगल्या जागा भरत आल्या आहेत, आणि उरलेल्या जागांवर शेती आणि वस्ती आहे. देशाला 2030 पर्यंत 5 लाख मेगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता हवी आहे. त्यापुढच्या दशकांची गरज तर याहून कितीतरी मोठी. समुद्री प्रकल्पाला धोरणापासून पहिल्या युनिटपर्यंत दहा वर्षं लागतात. जे 2040 मध्ये हवं आहे त्याचा पाया आता घालावा लागेल. किमती उतरेपर्यंत थांबू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की दुसऱ्यांच्या समुद्रात उतरलेली किंमत आपल्या बंदरात आपोआप येत नाही.

या किनाऱ्यावर एक साधं गणित करून पाहावं. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. पिपावावसमोर शंभर मीटर उंचीवर सरासरी वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास मोजला गेला. दक्षिण तमिळनाडूसमोर तो आठच्या वर आणि काही पट्ट्यांत नऊच्याही पुढे असल्याचे अंदाज आहेत. साडेसातचे नऊ झाले तर वाऱ्यातली शक्ती जवळजवळ पावणेदोन पट होते. मग पहिला प्रकल्प कुठे व्हावा? वारा उत्तम तिथे, म्हणजे इथे. आपण मात्र काय केलं? जिथे वारा मध्यम आहे त्या गुजरातच्या 500 मेगावॉटला मोजमाप, तळाचं सर्वेक्षण, आर्थिक आधार सगळं दिलं. आणि जिथे वारा सर्वांत चांगला त्या तमिळनाडूत 4000 मेगावॉटचा समुद्रतळ एकदम भाडेपट्ट्याने काढला, सर्वेक्षण विकासकाने करायचं, गिऱ्हाईकही त्यानेच शोधायचं. दोन्ही निविदा फसल्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी फसणार हे आधीच दिसत होतं. एका जागी आधार होता पण वारा बेताचा. दुसऱ्या जागी वारा होता पण आधार नव्हता. यावर तमिळनाडूच्या वीज खात्यातली माणसं एक अडचण सांगतात, आणि तिला उत्तर द्यायलाच हवं: आषाढात इथे आधीच पवनवीज उतू जाते, काही वेळा यंत्रं थांबवायला सांगावं लागतं, मग त्याच हंगामात आणखी वीज आणून करायचं काय? उत्तर पारेषणात आहे. याच महिन्यांत उत्तरेत आणि पश्चिमेत मागणी असते; समुद्री विजेला 2032 अखेरपर्यंत आंतरराज्य पारेषण आकार माफ आहे, पण माफी मिळाल्याने तारा उभ्या राहत नाहीत. समुद्रातली केबल किनाऱ्यावर जिथे उतरणार तिथून पुढे देशाच्या जाळ्यापर्यंत मोठी वाहिनी लिलावाच्या आधी मंजूर झालेली आणि बांधकामाला लागलेली असली पाहिजे. शिवाय रामेश्वरमकडच्या समुद्रावर ईशान्य मोसमाचाही वारा येतो. खिंडीतल्या यंत्रांचं वर्ष चार-पाच महिन्यांत आटोपतं, तसं समुद्रात होत नाही.

तूतुकुडीचं बंदर पाहिल्यावर आणखी एक गोष्ट पटते. पंधरा मेगावॉटच्या यंत्राचं एक पातं 115 मीटर लांब असतं. असं पातं कुठल्याच शहराच्या रस्त्यावरून वळत नाही. ते बंदरालगत बनलं पाहिजे किंवा जहाजाने आलं पाहिजे, आणि ते ठेवायला मोकळी, प्रचंड वजन सोसणारी जमीन हवी. डेन्मार्कच्या एस्बियर्ग गावाचं नशीब अशाच धक्क्यांनी पालटलं. मासेमारीचं बंदर पवनयंत्रांचं बंदर झालं. तूटभरपाई निधीच्याच योजनेत दोन बंदरांसाठी मंजूर झालेले 600 कोटी ही योग्य सुरुवात आहे, आणि त्या योजनेतला तो सर्वांत शहाणपणाचा भाग मला वाटतो. कारण प्रकल्प लांबला तरी धक्का वाया जात नाही. समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी उभारणीची जहाजं मात्र आपल्याकडे नाहीत. ती बाहेरून भाड्याने आणायची, आणि नैर्ऋत्य मोसमात समुद्र खवळलेला म्हणून काम बंद. एक हंगाम चुकला की वर्ष गेलं. असं जहाज कोणीही 500 मेगावॉटच्या एकाच कामासाठी आणत नाही. त्याला पुढची चार कामं दिसावी लागतात. म्हणून सुरुवात लहान हवी, पण ती एकटी नको: 500, मग 500, मग 1000, दर दोन वर्षांनी, ठरल्या दिवशी. आपल्याकडे समुद्रात पोलाद उभं करण्याचं ज्ञान नाही असं मात्र नाही. 1974 मध्ये मुंबईसमोर तेल सापडलं, तेव्हापासून बॉम्बे हायचे मंच उभारणारे, न्हावाच्या तळावरून त्यांना रसद पोचवणारे, माझगाव गोदीत पोलादी सांगाडे जोडणारे हात पन्नास वर्षं हे काम करत आहेत. महाराष्ट्राच्या समुद्रात वारा पहिल्या पसंतीचा नसला तरी महाराष्ट्राची ही विद्या पहिल्या पसंतीची आहे, आणि धोरणात तिचा उल्लेखही नसावा याची खंत वाटते.

आता मासेमारी. हा विषय सरकारी कागदांत शेवटी येतो, पण इथे तो सविस्तर घ्यायला हवा. जाफराबादची मासेमारी प्रामुख्याने डोल जाळ्याची. डोल ठरलेल्या जागी समुद्रात उभं करतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी त्याच्या पोटात आणून टाकतो. याचा अर्थ असा की जाळ्याला हवं असलेलं उथळ पाणी आणि पवनचक्कीला हवं असलेलं उथळ पाणी एकच आहे, आणि डोलवाला आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. दुसरीकडची जागा दुसऱ्या कोणाची तरी असते. मन्नारच्या आखातात गोष्ट निराळी. तिथे किनाऱ्यालगत लहान वल्लम होड्या आणि शंख काढणारे पाणबुडे, बाहेर यांत्रिक ट्रॉलर, आणि पलीकडे श्रीलंकेची सागरी सीमा. मच्छिमार आधीच चिमटीत सापडलेले. त्यात 21 बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान, त्याभोवती साडेदहा हजार चौरस किलोमीटरचं जीवावरण राखीव क्षेत्र, आणि पाल्कच्या उपसागरात 2022 मध्ये जाहीर झालेलं डुगाँगचं संवर्धन क्षेत्र. इथे यंत्रं उभारूच नयेत, असं म्हणणारे पर्यावरणवादी आहेत. प्रवाळ आणि समुद्री गवताच्या पट्ट्यांपुरतं मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे; ते पट्टे नकाशातून कायमचे वगळा, आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या वाटा दोन हंगाम मोजून मगच सीमा आखा. पण सगळ्या आखाताला नकार देताना तूतुकुडीच्या किनाऱ्यावरच्या कोळशाच्या केंद्रांचं तापलेलं पाणी, राख आणि वाढत्या उष्णतेने पांढरं पडणारं प्रवाळ यांचाही हिशेब त्याच पानावर मांडावा लागेल.

मच्छिमारांच्या बाबतीत जगात दोन रीती आहेत. ब्रिटनने समुद्री पवनक्षेत्रात मासेमारीला सरसकट बंदी घातली नाही. चालू यंत्राभोवती लहानसा सुरक्षापट्टा, बांधकाम चालू असताना मोठा. बेल्जियमने मात्र पूर्ण मज्जाव केला. आपण कुठली रीत घेणार, हे डिसेंबर 2023 च्या भाडेपट्टा नियमांत मच्छिमाराला समजेल अशा भाषेत सांगितलेलं नाही. पट्टा 35 वर्षांचा. एका माणसाची समुद्रावरची सगळी उमेदीची वर्षं. 500 मेगावॉटला पंधरा मेगावॉटची 33-34 यंत्रं लागतात आणि दोन यंत्रांत दीड किलोमीटरच्या आसपास अंतर असतं. त्यातून होडी जाऊ शकते. तळाशी ओढलं जाणारं जाळं केबलला अडकू शकतं. डोल उभं राहू शकेल की नाही ते करून पाहावं लागेल. हे तिन्ही वेगवेगळं लिहून द्यायला हवं. शिवाय एक घटनात्मक पेच आहे. प्रादेशिक समुद्रातली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडची केंद्राच्या. आणि पवनऊर्जेचा पट्टा देणार केंद्र. डोलवाल्याने दाद मागायची कुठे? वाढवणच्या बंदरावरून पालघरच्या किनाऱ्याने जो विरोध पाहिला त्याचं मूळ भरपाईच्या रकमेत कमी आणि उशिरा विचारलं जाण्यात जास्त होतं. विकासविरोधी म्हणून तो बाजूला सारणं अन्यायाचं आहे, आणि धोरण म्हणूनही आंधळेपणाचं. ज्या मच्छिमाराला हा तळ, हा प्रवाह, वादळाआधीचा हा समुद्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे तो सर्वेक्षणाचा पहिला भागीदार आहे. ओखी वादळात 2017 च्या अखेरीस कन्याकुमारीकडचे आणि केरळचे शेकडो मच्छिमार परतले नाहीत, कारण इशारा त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला नाही. समुद्रातल्या प्रत्येक पवनक्षेत्रावर हवामानयंत्र आणि मच्छिमारांसाठी खुली संदेशयंत्रणा असावी, ही अट पट्ट्यात घालायला काहीच खर्च नाही.

रामेश्वरमच्या पुढे धनुष्कोडीला रस्ता संपतो. पांबनच्या जुन्या पुलावर वाऱ्याचा वेग ताशी 58 किलोमीटरच्या पुढे गेला की आगगाडी थांबवत असत. एवढा या सामुद्रधुनीचा वारा. 1964 च्या डिसेंबरात चक्रीवादळाने हे गाव आणि त्याकडे येणारी गाडी दोन्ही गिळली. चर्चच्या आणि रेल्वे स्टेशनच्या भिंती वाळूत उभ्या आहेत. याच धनुष्कोडीला राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने शंभर मीटर उंचीचा वारा मोजणारा मनोरा उभारला होता. वारा मोजायला याहून बोलकी जागा दुसरी नसेल: तो काय देऊ शकतो आणि काय हिरावून नेऊ शकतो ते दोन्ही इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. दोन्ही किनारे पाहून झाल्यावर माझी मागणी एवढीच आहे. पुढची निविदा काढण्याआधी मन्नारच्या आखातात प्रत्यक्ष समुद्रात सलग दोन वर्षं वारा मोजा, तळ तपासा, पक्षी आणि प्रवाळ नोंदवा. जाफराबादपासून तूतुकुडीपर्यंतच्या मच्छिमार संस्थांना बरोबर घेऊन जाळ्यांच्या जागांचा नकाशा करा. आणि हे सगळं गुजराती, तमिळ आणि मराठीत छापून कोणालाही वाचता येईल असं ठेवा. मग तमिळनाडूचे 500 मेगावॉट आधी काढा. डेन्मार्कने 1991 मध्ये विंडेबीला सुरुवात केली तेव्हा समुद्रात 11 यंत्रं होती, आणि सगळी मिळून त्यांची क्षमता पाच मेगावॉट होती.